पातळ कातडीवर खापर

"कातडीच पातळ आहे तिची, त्याला डॉक्टर तरी काय करणार?" नाकाच्या बिघडलेल्या ऑपरेशनबद्दल इतकं सोयीचं, ऐकणाऱ्याला इतकं चटकन पटणारं आणि तरीही इतकं खोटं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही. कोल्हापुरात शिवाजी पेठेत कान-नाक-घशाचा दवाखाना चालवताना ते माझ्या कानावर सारखं पडतं. बोलणारी बहुतेक वेळा आई असते. मुलगी शेजारी मान खाली घालून बसलेली असते. दीड-दोन वर्षांपूर्वी तिची ऱ्हायनोप्लास्टी झालेली असते. पहिले काही महिने घरात सगळे खूश असतात. मग हळूहळू दांड्यावर एक कड वर येते, शेंड्यावर दोन टोकं टोचल्यासारखी उठतात, बाजूने उजेड पडला की नाकाच्या मध्यावर खाच दिसू लागते. ऑपरेशन केलं तिथे परत गेल्यावर त्यांना हेच वाक्य मिळतं. ते घेऊन ही माणसं घरी येतात आणि देवाचा कौल मिळाल्यासारखी मान्य करून टाकतात. "आमच्या पोरीची कातडीच तशी, नशिबात न्हवतं," असं म्हणत आई पदर सावरते. नशिबाला आणि पोरीला एकाच दमात दोषी ठरवलं जातं, आणि ज्याच्या हातात हत्यार होतं तो या वाक्यात कुठेच नसतो.

माझं भांडण त्या आईशी नाही. ज्यांनी तिला हे वाक्य शिकवलं त्यांच्याशी आहे. हे शिकवणारे अडाणी नाहीत, माझ्याच पेशातले आहेत.

त्यांचं म्हणणं पुरतं मांडतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कोणी म्हणायला नको. ते म्हणतात, नाकाचं ऑपरेशन हाडाचं आणि कूर्चेचं असतं. आम्ही आतला सांगाडा नीट घडवला. वरून कातडी कशी बसेल हे आमच्या हातात नाही. पातळ कातडी आकसते, आतलं सगळं दाखवते, हा निसर्ग आहे. शिवाय हे ऑपरेशन गरजेचं नव्हतं, हौसेचं होतं, आणि हौसेत थोडं कमी-जास्त होणारच. फारच खुपत असेल तर सुईने थोडं फिलर भरू, दहा मिनिटांचं काम आहे. त्याहून जास्त काळजी घेत बसलो तर ऑपरेशनला दुप्पट वेळ आणि खर्च लागेल, आणि तो पेशंटलाच परवडणार नाही.

यातलं पहिलंच विधान तपासू. कातडी पातळ आहे हे ऑपरेशननंतर कळलं का? नाकाच्या दांड्यावरची कातडी अंगठा आणि बोट यांच्यात धरून हलवून पाहिली की जाडी हाताला कळते. शेंड्यावर कूर्चेच्या कडा आधीच पुसट दिसतात का, बारीक शिरा दिसतात का, कातडीला तेलकटपणा आणि छिद्रं किती आहेत, हे खिडकीच्या उजेडात बसवून पाहिलं तरी समजतं. कोणाला आकडाच हवा असेल तर सोनोग्राफीने मोजता येतो. पदव्युत्तर शिक्षणात नाक तपासायला शिकवतात त्यात कातडीची जाडी पहिल्या काही मुद्द्यांत असते. जी गोष्ट पहिल्या भेटीत पाच मिनिटांत कळते, ती दोन वर्षांनी अचानक सापडलेलं कारण कशी होऊ शकते?

आणि कळलेलं असतं. बहुतेक मुलींना ऑपरेशनआधी सांगितलेलं असतं की तुमची कातडी पातळ आहे, फार छान, रिझल्ट उठून दिसेल, सूजही लवकर उतरेल. ते पूर्ण खोटंही नाही. जाड, तेलकट कातडीच्या नाकाची सूज उतरायला वर्ष-दोन वर्षं लागतात आणि आत केलेली बारीक कलाकुसर वर उमटतच नाही. पातळ कातडीखाली तीच कलाकुसर काही महिन्यांत दिसते. पण जी कातडी चांगलं काम दाखवते तीच वाईट कामही दाखवते. वाकळ अंथरली की बाजेचा दोर कळत नाही, पातळ लुगडं अंथरलं की दोर न दोर हाताला लागतो. पैसे घेताना तीच कातडी गुण आणि तक्रार आल्यावर तीच दोष, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

आता शास्त्राकडेच येऊ, कारण हे वाक्य शास्त्राचा आधार घेऊन उभं असल्याचा आव आणतं. नाकावरची कातडी सगळीकडे सारखी नसते. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार दोन भुवयांच्या मध्ये, नाक सुरू होतं तिथे ती सरासरी सव्वा मिलिमीटर असते, आणि दांड्यावर हाड संपून कूर्चा सुरू होते त्या सांध्यावर जेमतेम ०.६ मिलिमीटर. म्हणजे निम्मी. शेंड्याकडे ती पुन्हा जाड होते. ज्याला आपण नाकाचा उंचवटा म्हणतो, जो घासून कमी करण्यासाठी बरीच मुलं-मुली ऑपरेशनला येतात, तो नेमका त्या सांध्यावर असतो. म्हणजे ज्या जागी सर्जनची कानस आणि छिन्नी सगळ्यात जास्त चालते, तिथे कातडी प्रत्येकाचीच पातळ असते. जाड कातडीच्या पैलवानाचीसुद्धा. पातळ कातडी हा क्वचित येणारा अपवाद आहे असं मानून काम करणारा माणूस नाकाला हात कसा लावतो?

या एका गोष्टीचा आणखी एक परिणाम आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. सांध्यावर कातडी पातळ आणि वर-खाली जाड असल्यामुळे बाहेरून नाक सरळ दिसायचं असेल तर आतल्या सांगाड्यात त्या जागी किंचित फुगवटा राखावा लागतो. सांगाडा पट्टी लावल्यासारखा सरळ कापला, तर वरून नाक मध्येच बसलेलं दिसतं. ऑपरेशनच्या टेबलावर, सूज चढलेली असताना, ते सरळच दिसतं. फोटोही छान येतो. सूज उतरल्यावर खाच उघडी पडते. ही चूक कातडीने केली का? कातडी जिथे होती तिथेच होती, तिची जाडी आधीपासून माहीत होती, आणि हिशोब मात्र केला गेला नाही.

"आम्ही सांगाडा नीट घडवला" या वाक्यातल्या 'नीट' शब्दाचा अर्थ पातळ कातडीखाली बदलतो, हे मान्य करायला माझे व्यवसायबंधू तयार नसतात. कातडी उचलण्यापासूनच फरक सुरू होतो. कातडीखाली चरबीचा एक थर, मग स्नायू आणि तंतूंचा पडदा, मग पुन्हा चरबीचा पातळ थर आणि शेवटी हाडाचं किंवा कूर्चेचं स्वतःचं आवरण असतं. रक्तवाहिन्या मुख्यतः स्नायूंच्या पडद्यात आणि त्याच्या वर धावतात. त्या पडद्याच्या खालून, हाडा-कूर्चेला लागून गेलं तर रक्त कमी सांडतं आणि कातडीला तिचा सगळा पोशाख राहतो. घाईत वरच्या थरात शिरलं तर आधीच पातळ असलेली कातडी आणखी पातळ होते, तिचा रक्तपुरवठा तुटतो, आणि पुढे ती चिकटून, आकसून बसते. शेंडा बारीक दिसावा म्हणून कातडीखालची चरबी खरवडून काढणारेही आहेत. जाड कातडीत ते एक वेळ चालेल. पातळ कातडीत तो उघड अपराध आहे.

मग किती कापायचं हा प्रश्न. शेंड्याच्या कूर्चा कमकुवत होईपर्यंत छाटल्या की टेबलावर शेंडा सुबक दिसतो. नंतर पातळ कातडी आकसते, त्या दुबळ्या कूर्चांना दाबते, त्या वाकतात, आणि वाकलेल्या जागी गाठीसारखी टोकं वर येतात. पातळ कातडी, ताठ कूर्चा आणि मुळातच दुभंगलेला शेंडा हे तिन्ही एकत्र असले तर असं होण्याची शक्यता सर्वात जास्त, हे १९९० च्या दशकापासून छापील ग्रंथांत आहे. उपायही तिथेच आहेत. कूर्चा कापण्याऐवजी टाक्याने वळवायच्या, दोन्ही बाजूंचे घुमट एकमेकांना बांधायचे, कडेची पुरेशी पट्टी शिल्लक ठेवायची. दांड्याचा उंचवटा वरून छाटण्याऐवजी त्याखालचा, दोन नाकपुड्यांमधला पडदा थोडा कमी करून सगळा दांडा अखंड खाली उतरवण्याची रीत तर शंभर वर्षांहून जुनी आहे. गेल्या दहा वर्षांत ती नव्या नावाने परत आली आहे. वरचं छप्पर फोडलंच नाही तर छपराच्या कडा कातडीतून दिसणार कशा?

छप्पर फोडावं लागलंच, तर ते झाकायचं. या एका कामासाठी सर्जन वेळ देतो की नाही, यावरून मी त्याची पारख करतो. कानशिलाच्या स्नायूवर एक पातळ, चिवट आवरण असतं, फॅशिया. केसांच्या आत छोटी चीर देऊन त्याचा तुकडा काढता येतो, व्रण केसांत लपतो, आणि तो तुकडा दांड्यावर पांघरला की कातडीखाली जणू आणखी एक कातडी तयार होते. १९८० च्या दशकात मेक्सिकोचे गुएरेरोसांतोस यांनी नाकात या फॅशियाच्या वापरावर लिहिलं. भर घालायची असेल तर पडद्याची किंवा कानाची कूर्चा अर्ध्या-एक मिलिमीटरचे कण करून याच फॅशियाच्या पिशवीत भरायची. सन २००० मध्ये तुर्कस्तानचे एरोल यांनी कूर्चेचे कण विरघळणाऱ्या कापडात गुंडाळले. चार वर्षांनी डॅनियल आणि कॅल्व्हर्ट यांनी दाखवलं की कापडापेक्षा स्वतःच्या फॅशियात गुंडाळलेले कण जास्त टिकतात. बरगडीची कूर्चा घेतलीच तर तिच्यावरचं आवरणही सोबत घ्यायचं आणि वरच्या बाजूला ठेवायचं. शेंड्यावर कूर्चेचा ग्राफ्ट लावायचा तर त्याच्या कडा तासून, चेचून मऊ करायच्या, नाहीतर न लावलेला बरा. यातली एकही गोष्ट गुपित नाही. परदेशात जाऊन शिकायची गरज नाही. फॅशिया काढायला महागडं यंत्र लागत नाही, एक चाकू, एक कात्री आणि अर्धा तास लागतो.

त्या अर्ध्या तासाला यांची हरकत आहे. खर्च वाढतो म्हणे. दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागलं तर पुन्हा भूल, पुन्हा रजा, पुन्हा मुंबई-पुण्याच्या फेऱ्या, आणि आतली स्वतःची कूर्चा संपलेली असल्यामुळे बरगडी उघडणं, हा खर्च कोण मोजतो? तो त्या आईच्या पाटल्या मोजतात.

इथे मला पुण्याची ती गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण आपल्या सर्जन मंडळींच्या व्याख्यानांत ती पहिल्याच चित्रात येते आणि तिच्यातून शिकायचं ते कोणी शिकत नाही. टिपूशी झालेल्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी पकडला गेला. टिपूच्या लोकांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभरापेक्षा जास्त काळ तो नाकाशिवाय जगला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं, जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचं चित्र काढलं, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याची हकीकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यूने मृतदेहांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ ला लंडनमध्ये हीच शस्त्रक्रिया केली. तिथून ती साऱ्या युरोपात गेली. त्या पुणेकराचं नाव मात्र त्या हकीकतीत नाही.

त्याने काय केलं ते नीट पाहा. आधी मेणाचा पातळ पत्रा करून तो कापलेल्या नाकाच्या जागी बसवून पाहिला. मग तोच सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ ओढली. म्हणजे चाकू हातात घेण्यापूर्वी कातडीचं माप झालं होतं. त्या रेघेवरून कातडी सोलताना दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी त्याने जोडलेलीच ठेवली, रक्त पोहोचत राहावं म्हणून. कातडी पिळून खाली आणून बसवली आणि सांध्यावर काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्या एकावर एक ठेवल्या. चार दिवस त्यांना हात लावला नाही. नंतर तुपात भिजवलेलं कापड. पाच-सहा दिवस रुग्णाला उताणं झोपवलं. दहाव्या दिवसापासून नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घातले, भोकं बुजू नयेत म्हणून. जोडलेली पट्टी कापली ती सुमारे पंचविसाव्या दिवशी. भूल नाही, सूक्ष्मदर्शक नाही, प्रतिजैविकं नाहीत. कातडी किती लागेल, तिला रक्त कुठून मिळेल, ती कधी तग धरेल, या तीन प्रश्नांभोवती त्याचं सगळं काम फिरतं. कातडी हे त्याच्यासाठी ऑपरेशनवर शेवटी पडणारं आच्छादन नव्हतं. कातडीच ऑपरेशन होती. सव्वादोनशे वर्षांनी, दिव्यांच्या झगमगाटात, आपण म्हणावं की आम्ही आतलं काम केलं, कातडीचं आम्हाला विचारू नका?

हौसेच्या आरोपाकडे येतो. मला तो सगळ्यात जास्त चीड आणतो, कारण तो पेठेतही घरोघरी बोलला जातो. हौस कोणाची? कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीला बाजूने बसायला लावून तिचं नाक बघणारे कोण असतात? नथ शोभत नाही असं लग्नाच्या बस्त्यात सगळ्यांदेखत म्हणणारी आत्या कोण? ती सगळी माणसं शहाणी आणि त्यांचं बोलणं ऐकून ऑपरेशन करून घेणारी पोर तेवढी हौशी? मुलग्यांचंही तेच. फुटबॉलच्या मैदानात कोपर लागून किंवा खासबागेत कुस्ती खेळताना नाक मोडलेली, वर्षानुवर्षं वाकड्या नाकाने एका बाजूने श्वास घेणारी पोरं माझ्याकडे येतात. त्यांच्या नाकाचं रूप आणि नाकाचं काम वेगळं करून दाखवा पाहू. शेंड्याच्या कूर्चा बेसुमार छाटल्या तर दिसायचं बिघडतंच, पण खोल श्वास घेताना नाकपुडीची भिंतही आत ओढली जाते. एकाच चुकीची दोन तोंडं आहेत ती. डॉ. नोशीर अँटिया यांनी कुष्ठरोगाने बसलेली नाकं उभी केली ती याच राज्यात. गावाने हाकलून दिलेल्या माणसाला परत गावात घेतलं जावं, त्यासाठी चेहरा लागतो, हे त्यांना कळलं होतं. चेहऱ्याची गरज कोणती आणि हौस कोणती, याची सीमारेषा आखायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि एक वेळ धरू की हौसच होती. हौसेचे पैसे घेताना काम कमी प्रतीचं चालेल असं कुठे लिहून दिलं होतं?

फिलरबद्दल मी कठोर बोलणार आहे. नाक ही फिलरसाठी सर्वांत धोक्याच्या जागांपैकी एक आहे. नाकाच्या आणि भुवयांमधल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रोहिणीशी जोडलेल्या असतात. सुई चुकून वाहिनीत गेली आणि दाबाने औषध मागे सरकलं तर दृष्टी जाते. नाकाची कातडी काळी पडून झडू शकते. न कापलेल्या नाकात हा धोका आहेच. एकदा कापलेल्या नाकात वाहिन्यांची जागा बदललेली असते, काही बंद झालेल्या असतात, आणि उरलेल्या थोड्या वाहिन्यांवर सगळ्या कातडीची मदार असते, त्यामुळे तो आणखी वाढतो. त्यातही कातडी पातळ असेल तर फिलरचा गोळा निळसर दिसू शकतो. ज्या कातडीमुळे तुमचं काम बिघडलं असं तुम्ही म्हणता, त्याच कातडीखाली आता तुम्ही आंधळेपणाने सुई घालणार? आणि हे ब्युटी पार्लरच्या खुर्चीवर, हायलुरोनिडेज म्हणजे उतारा म्हणून लागणारं औषध जवळ नसताना? अनुभवी हातांत, मोजून-मापून, एखाद्या खळग्यासाठी याचा उपयोग होतो हे मला माहीत आहे. तो उपयोग दहा मिनिटांत गुंडाळायचा नसतो. सिलिकॉनच्या पट्ट्यांबद्दल तर बोलायलाच नको. पातळ कातडीखाली शेंड्यावर ताणून बसवलेली पट्टी काही वर्षांनी कातडी फाडून बाहेर येते. लाल झालेला शेंडा घेऊन लोक धावत येतात तेव्हा पट्टी काढून टाकण्याशिवाय पर्याय उरत नाही. आणि सूज म्हणून ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन? जाड कातडीच्या शेंड्यावर ते कामाचं आहे. पातळ कातडीला ते आणखी झिजवतं.

एक गोष्ट मी मान्य करतो, तेवढीच. चांगल्यातल्या चांगल्या हातूनही कधी कड दिसते. ऱ्हायनोप्लास्टीनंतर पुन्हा दुरुस्ती करावी लागण्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के सांगितलं जातं आणि ते शून्यावर आणणारा माणूस मी पाहिलेला नाही. पातळ कातडी वयाबरोबर आणखी पातळ होते, म्हणून दहाव्या वर्षीही एखादी कड उगवू शकते. पण हे ऑपरेशनआधी सांगायचं असतं. आधी सांगितलं तर ती माहिती असते. नंतर सांगितलं तर ती पळवाट होते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात सांगितलं की उपचाराचं स्वरूप, त्याचे फायदे, पर्याय आणि मोठे धोके रुग्णाला समजावल्याशिवाय घेतलेली संमती खरी संमती नाही. छापील कागदावर भूल देण्याआधी दहा मिनिटं घेतलेली सही म्हणजे समजावणं होत नाही. काही वेळा पातळ कातडीच्या माणसाला नकोच म्हणावं लागतं. तीन-चारदा कापून कातडी हाडाला चिकटलेली असेल, किंवा आरशासमोर रोज तासन्‌तास नाक बघणारं मन मुळात दुखावलेलं असेल, तर चाकूने ते सुधारणार नाही. तिथे नाही म्हणायला धैर्य लागतं, आणि फी सोडावी लागते.

पेशंटच्या वाट्याचं कामही मी त्यांच्यावर सोडत नाही, कारण ते समजावून सांगणं हेही आमचंच काम आहे. आमच्याकडे बायका मिशरी लावतात, वडीलधारे तपकीर ओढतात, तरुण पोरं गुटखा आणि सिगारेट. निकोटिन कातडीच्या बारीक वाहिन्या आवळून टाकतं, आणि ज्या कातडीला आधीच कमी रक्त आहे तिला ते परवडत नाही. ऑपरेशनच्या काही आठवडे आधीपासून आणि नंतरही ते बंद व्हायला हवं, ही गोष्ट मिशरीच्या नावानिशी विचारल्याशिवाय कळत नाही. 'तंबाखू खाता का' असं विचारलं की बाई नाही म्हणते, कारण ती खात नाही, लावते. हाडं फोडली असतील तर काही आठवडे चष्म्याचं वजन नाकावर नको. उन्हापासून जपायचं. तालमीत आणि मैदानात उतरायचं ते परवानगी घेऊनच. हे सगळं डिस्चार्जच्या कागदावर मराठीत लिहून द्यायला काय हरकत आहे?

आता मला काय हवं ते सरळ सांगतो. नाकाच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर, पहिल्याच भेटीत, कातडीची नोंद असली पाहिजे: दांड्यावर कशी, शेंड्यावर कशी, तेलकट की कोरडी, आधी कापलेली आहे का. त्याखाली दुसरी ओळ असली पाहिजे की या कातडीसाठी आपण काय करणार आहोत, कमी कापणार की झाकणार, आणि झाकणार तर कशाने. ती ओळ रुग्णाला वाचून दाखवली पाहिजे. फोटो तिसऱ्या महिन्याला काढून भिंतीवर लावण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. पातळ कातडीच्या नाकाचा खरा फोटो वर्षाने, दोन वर्षांनी आणि पाचव्या वर्षी निघतो. ज्याच्याकडे पाच वर्षांचे फोटो नाहीत त्याने आपल्या निकालांबद्दल छातीठोक बोलू नये, आणि पेठेतल्या पालकांनी ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी ते फोटो मागून घ्यावेत. संकोच कसला? दागिना घडवायला दिला तर आपण सोनाराकडे चार वेळा जातो, आणि पोरीचं नाक द्यायला एका भेटीत तयार होतो.

ज्यांचं आधीच बिघडलेलं आहे त्यांना दोन गोष्टी करायला सांगतो. घाईने दुसऱ्यांदा टेबलावर चढू नका. निदान वर्षभर थांबा, कातडी मऊ होऊ द्या, हलू द्या, कारण चिकटलेली पातळ कातडी उचलताना फाटली तर मग खरोखरच कोणाच्या हातात काही राहत नाही. आणि पहिल्या रुग्णालयातून ऑपरेशनची नोंद घेऊन या. किती हाड काढलं, पडद्याची कूर्चा किती घेतली, ग्राफ्ट कुठे लावला, टाके कोणत्या धाग्याचे, हे पुढच्या सर्जनला माहीत असलं तर निम्मं काम सोपं होतं. ती नोंद देणं हा उपकार नाही. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात आणि ते किमान ३ वर्षं जपून ठेवावे लागतात. अर्ज लेखी करा, पोच घ्या, आणि पेठेतल्या माझ्या दवाखान्यात येताना ते कागद सोबत आणा.